अमेरिकेतलं यादवी युद्ध नक्की कशावरून झालं?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी, यूपीएससीसाठी जागतिक इतिहास वाचतोय, गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत आमचा यावरून जोरदार वाद झाला. मित्र म्हणतो अमेरिकेतलं उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांचं युद्ध राज्यांच्या स्वतःचं ठरवायच्या हक्कांवरून झालं, गुलामगिरीचं कारण नंतर चिकटवलं, नाहीतर राष्ट्राध्यक्ष लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढायला जानेवारी १८६३ पर्यंत का थांबावं, युद्ध तर एप्रिल १८६१ लाच सुरू झालेलं. मला पटत नाही पण उत्तर देता येईना. आणि १७७६ ला सगळी माणसं समान म्हणणाऱ्या देशात १८६० साली जवळपास ४० लाख गुलाम होते, हे आलं कुठून? तारखा पाठ आहेत पण धागा लागत नाहीये.

पंचवटीची ताई:
धागा तंबाखूपासून पकड. १६०७ ला व्हर्जिनियात जेम्सटाउन वसलं, सुरुवातीला लोक भुकेने मेले, मग जॉन रॉल्फने तंबाखू लावला आणि लंडनच्या बाजारात त्याला भाव मिळाला. तंबाखूला हात लागतात खूप, म्हणून इंग्लंडमधले गरीब करारावर आणले, ठरलेली वर्षं राबायचं की मोकळे. १६१९ ला पहिले आफ्रिकन आले तेव्हा जन्मभराच्या गुलामीचा कायदा तिथे अजून पक्का नव्हता, काहीजण तर सुटून जमीनही घेऊन बसले. फास नंतर आवळला गेला. १६६२ चा कायदा बघ, आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप गोरा मालक का असेना! मला हे सगळ्यात भयंकर वाटतं, कारण स्वतःची पोरंच मालमत्ता झाली. मग १६७६ ला बेकन नावाच्या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे मजूर आणि काळे एकत्र येऊन त्यांनी जेम्सटाउन जाळलं, त्यानंतरच्या काळात मळेवाले गुलामांवर जास्तच विसंबायला लागले आणि १७०५ ला व्हर्जिनियाने सगळे कायदे एकत्र बांधून टाकले.

उत्तरेला असले मोठे मळे नव्हते, पण न्यू इंग्लंडची जहाजं गुलामांच्या व्यापारात होतीच. आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली. १७८७ च्या संविधानात तर प्रतिनिधींच्या जागा ठरवताना गुलामांची तीन पंचमांश संख्या धरली, म्हणजे मत त्यांना नाही पण त्यांच्या जिवावर दक्षिणेच्या जागा वाढल्या.

कापूसवाला निफाड:
ताईंनी मस्त सांगितलं, पुढचं मी जोडतो. १७९३ ला व्हिटनीचं सरकी काढायचं जिन आलं आणि कापसाने सगळं फिरवलं, गुलामांवर चालणारे मळे अलाबामा मिसिसिपीपर्यंत पसरले. मग भांडण एकच, पश्चिमेला नवीन राज्यं होतायत त्यात गुलामगिरी चालणार की नाही. १८२० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळं त्यावरच. लिंकनचा पक्ष नवीन प्रदेशात गुलामगिरी नको म्हणत होता, तो १८६० ला निवडून आला आणि डिसेंबरातच साउथ कॅरोलायना फुटलं.

आता मित्राला हे विचार भाऊ, राज्यांच्या हक्कांचा एवढा कळवळा होता तर साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात तक्रार काय आहे? उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत ही! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी स्वतःचं ठरवलं तर ते यांना चालत नव्हतं. फुटीर राज्यांनी स्वतःचं संविधान केलं त्यातही कुठल्याही राज्यात गुलाम घेऊन जायचा हक्क लिहून ठेवला. त्यांचीच कागदपत्रं आहेत, कोणी नंतर चिकटवलेली नाहीत.

लिंकनचं म्हणशील तर तो आधी देश एकत्र ठेवायला लढत होता हे खरं, केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं त्याच्याच बाजूला होती, ती दुखवून चालणार नव्हतं. म्हणून १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर भागापुरता, सगळीकडची गुलामगिरी डिसेंबर १८६५ च्या १३ व्या दुरुस्तीने गेली. उत्तर का लढली आणि दक्षिण का फुटली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तुझा मित्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावतोय.

शरणपूर रोड:
आपल्याकडचं पण लक्षात ठेवा. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून खानदेश वऱ्हाडच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला युद्ध संपताच बाजार कोसळला. आणि त्याच काळात नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशनमध्ये हिंदी महासागरातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ ला आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत लंडनला गेला. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ चं आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं, ते वाचा.

सातपूरकर:
खूप आभार सगळ्यांचे. एकच राहिलं, दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम नव्हतेच ना, मग ते का लढले?

पंचवटीची ताई:
एक तर कितीही गरीब असला तरी गोरा म्हणून तो वरचा, हे बेकनच्या बंडानंतर पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेलं. शिवाय १८६२ ला सक्तीची भरती आली. पण सगळेच निमूट लढले असं नाही हां, त्याच वर्षी २० गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला भरतीतून सूट दिली तेव्हा गरीब शेतकरी भयंकर चिडले, बरेच सैन्य सोडून पळाले, आणि व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी तर फुटीलाच नकार देऊन १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य करून घेतलं.