तेराव्या वर्षी तारा की अलाइनर? माझं मत: आधी तारा

पेठकर
आठवी-नववीतल्या मुलाचे दात दाखवायला नेलं की हल्ली दोन पर्याय समोर येतात. एक, दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमधून जाणारी तार. दोन, काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर. निवड बहुतेक घरांत दिसण्यावरून होते. माझं म्हणणं असं की बारा ते पंधरा वयात खास कारण नसेल तर ताराच लावाव्यात.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा. २२ धरले तर उरले दोन तास, म्हणजे १२० मिनिटं. आता शाळकरी पोराचा दिवस मोजा. नाश्ता २५ मिनिटं, छोटी सुट्टी १५, डब्याची सुट्टी २५, संध्याकाळचं खाणं २०, रात्रीचं जेवण ३०, ब्रश आणि चुळा १०. झाली १२५. अप्पा बळवंत चौकात क्लास सुटल्यावरचा वडापाव अजून धरलेलाच नाही.

तास कमी पडले तर काय होतं? अलाइनर म्हणजे एकामागून एक बदलायचे ट्रे. एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटर सरकेल एवढीच योजना असते. तो ०.१५ सरकला तर ०.१० ची बाकी पुढच्या ट्रेवर जाते. दोन-तीन ट्रेनंतर दाताची कड आणि प्लास्टिक यांत फट दिसायला लागते. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे छोटे दात यात सगळ्यात आधी मागे पडतात. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे ट्रे, आणि दहावीचं वर्ष दारात. तार मात्र मुलाच्या मर्जीवर चालत नाही, झोपेतही काम करते.

दंतकथा
तासांचं गणित मान्य, निष्कर्ष घाईचा. तारांनाही मुलाची मर्जी लागतेच. वरचे दात पुढे असतील तर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर लावायला देतात. तीही जेवण आणि ब्रश सोडून जवळजवळ दिवसभर हवीत आणि रोज बदलायला हवीत, कारण रबराचा ताण तोंडात लवकर उतरतो. रबर न लावणारं मूल तारांवरही अडकून पडतंच.

आणि ब्रशचं काय? ब्रॅकेटच्या भोवती प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचला तर महिन्याभरात इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, खडूसारखे पांढरे डाग दिसू शकतात. ब्रॅकेट काढल्यावर त्याचा चौकोन तेवढा चकचकीत आणि भोवती पांढरी चौकट राहते. फ्लोराइडने डाग फिके होतात, पूर्ण जातीलच असं नाही. हिरड्या सुजून ब्रॅकेटवर चढतात ते वेगळंच. अलाइनर काढून नेहमीसारखा ब्रश करता येतो, त्यामुळे हा त्रास कमी.

म्हणून उलटा प्रश्न विचारते. जे मूल आत्ता, काहीही लावलेलं नसताना, रात्री ब्रश करत नाही, त्याच्या दातांवर वीसेक ब्रॅकेट चिकटवणं शहाणपणाचं कसं?

पेठकर
@दंतकथा, ते मूल अलाइनरही न घासता परत घालेल. गोड खाऊन चूळ न भरता ट्रे चढवला की साखर दाताला चिकटून झाकली जाते आणि लाळ तिथे पोचत नाही. कीड दोन्हीकडे लागते.

ब्रश न करणाऱ्याला आधी दोन महिने ब्रश करायला लावावं, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं की मगच काय ते लावावं, यात वाद नाही.

मुठाकाठी
दोघंही वागणुकीवर भांडताय. त्याआधी प्रश्न असतो की दात नेमका कुठून कुठे न्यायचाय. तुमचा धागा तिथून सुरू व्हायला हवा होता.

प्लास्टिक दाताला बाहेरून वेढून ढकलतं. दात थोडा कलायचा असेल, किरकोळ फटी मिटवायच्या असतील, पुढची थोडी गर्दी सोडवायची असेल, तर ते छान चालतं. अवघड जातं ते पुढीलप्रमाणे. गोल दात फिरवणं, म्हणजे सुळे आणि खालच्या उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात), कारण प्लास्टिकला पकडायला कोपराच नसतो. दात खाली ओढून लांब करणं, कारण ट्रे दातावरून निसटतो. आणि मूळ सरळ ठेवून अख्खा दात सरकवणं. या पकडीसाठीच दातांच्या रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. पुढच्या सहा दातांवर ते आले की 'अदृश्य' वगैरे जाहिरातीपुरतं राहतं. पडलं तर परत चिकटवायला जावं लागतं.

जागा करायला उपदाढा काढायच्या असतील तर फरक आणखी उघड होतो. प्रत्येक बाजूला साधारण सात मिलिमीटरची जागा मिटवायची असते. अलाइनरमध्ये दोन्हीकडचे दात त्या खड्ड्यात कलंडायला बघतात आणि पुढचे दात मागे येताना खाली उतरतात. चांगला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारा तज्ज्ञ, योजनेतच याची उलट भरपाई करून ठेवतो, पण तो अनुभवाचा भाग आहे. तारांमध्ये १९ बाय २५ची जाड आयताकृती स्टीलची तार (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात) ब्रॅकेटच्या खाचेत बसते. तिच्यावरून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतात आणि मूळही बऱ्यापैकी ताब्यात राहतं.

सुळा टाळूत किंवा हाडात अडकला असेल तर शस्त्रक्रियेने तो उघडा करून साखळी लावून ओढतात. तिथे ताराच.

औंधकर
@मुठाकाठी, उपदाढा काढायची वेळ सगळ्यांवर येत नाही. तीन-चार मिलिमीटर गर्दी, दाढांची बैठक ठीक, दात काढायचे नाहीत, अशी मुलं भरपूर असतात. त्यांना तारांचे सगळे उपद्व्याप कशाला?

उपद्व्याप म्हणजे काय ते सांगते. ब्रॅकेट सुटतो. चिकटवताना दातावर लाळ लागली तर लवकर सुटतो. वरचे दात खालच्यांवर फार खोल बसत असतील तर चावताना थेट ब्रॅकेटवरच आपटतात, म्हणून दाढांवर तात्पुरते उंचवटे देतात. बाकी घरचा मेनू: भाकरवडी, चिक्की, फुटाणे, अख्खा पेरू, ऊस, कणसाला थेट दात. दिवाळीतला कडक बुंदीचा लाडू तर ब्रॅकेट सुटण्याचं हमखास कारण. सुटलेला ब्रॅकेट तीन आठवडे तसाच राहिला की तो दात माघारी फिरतो. सुरुवात बारीक तारेने होते; जाड तारेवर आलेलं प्रकरण पुन्हा बारीक तारेवर आणावं लागलं तर उपचार लांबतो.

त्यात खेळ. बास्केटबॉल, फुटबॉल खेळणाऱ्याचा ओठ ब्रॅकेटवर फाटतो. तारांवर चालणारा माउथगार्ड वेगळा घ्यावा लागतो, नेहमीचा घट्ट साच्याचा चालत नाही.

पेठकर
खाण्यावर थोडा संयम एवढाच उपाय. पेरूच्या फोडी करा, भाकरवडीला दीड वर्ष राम राम. पोट दाबून उपाशी कोणी राहत नाही.

अलाइनरवाल्यांना चहाही सोडावा लागतो हे सांगा की. ट्रे तोंडात ठेवून गरम चहा घेतला तर प्लास्टिक बेढब होतं, डागही पडतात. प्यायचं ते फक्त साधं पाणी. आणि डब्याच्या सुट्टीत रुमालात गुंडाळलेला ट्रे खरकट्याबरोबर कचऱ्यात जातो, हे जगजाहीर आहे.

दंतकथा
त्यासाठी डबी असते, रुमाल नाही. ट्रे हरवलाच तर आधीचा घालायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. पुढचा चढवायचा की नाही ते हरवलेला किती दिवस वापरला त्यावर ठरतं. म्हणून आधीचा एक ट्रे कधी टाकायचा नाही. नवा ट्रे रात्री झोपताना सुरू करायचा, मऊ रबरी नळकांडी चावून तो पाच मिनिटं नीट बसवायचा. कड ओठाला टोचत असेल तर नखं घासायच्या कानशीने हलकी घासली तरी चालते.

तारांचं टोक गालाला टोचलं तर मेण लावून क्लिनिक गाठावं लागतं. आता पुण्यातली वाहतूक तुम्हीच सांगा.

तारेवरची_कसरत
एक मोठी गोष्ट सगळ्यांनी वगळली, ती म्हणजे वाढ.

खालचा जबडा मागे असल्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील तर तेराव्या वर्षी तारा की अलाइनर हा प्रश्नच दुसरा. पहिला प्रश्न ट्विन ब्लॉकसारख्या उपकरणाचा. वरचा आणि खालचा असे दोन ठोकळे असतात, तोंड मिटताना खालचा जबडा पुढे यावा अशा उतारांचे. वाढीच्या भरात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मुलींमध्ये तो काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर वाढीचा जोर बराचसा ओसरलेला असतो. कुठल्या टप्प्यावर आहोत ते बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांच्या आकारावरून बघतात. अलाइनरमध्येही जबडा पुढे आणणाऱ्या पंखांचे प्रकार आहेत, महाग आहेत.

'दहावी झाल्यावर बघू' हा खास आपल्याकडचा निर्णय इथे महागात पडतो. नुसती गर्दी असेल तर थांबलेलं चालतं, जबड्याचा प्रश्न असेल तर नाही.

आणि तेराव्या वर्षी दुसऱ्या दाढा नुकत्याच येत असतात. ट्रेमध्ये त्यांच्यासाठी जागा ठेवली नसेल तर त्या जास्त वर येऊन पुढचे दात मिटेनासे होतात. तारांमध्ये दाढ आली की तिच्यावर तार घालायची नळी चिकटवली, तार लांब केली, संपलं.

कॅम्पातला
खर्चाबद्दल कोणीच बोलत नाही, पुणेकर असूनसुद्धा! अलाइनर धातूच्या तारांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट पडतात, दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट मध्ये कुठेतरी. नेहमीच्या आरोग्य विम्यात हे बसत नाही. तारा स्वस्तात हव्या असतील तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला ही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपत आलेल्याकडे नवं प्रकरण गेलं तर मध्येच डॉक्टर बदलतो, हे आधी विचारून घ्यावं.

सिरॅमिक खालच्या दातांना लावताना जपून. ते इनॅमलपेक्षा कठीण असतात. वरचे दात त्यांच्यावर आपटत असतील तर वरच्या दातांच्या कडा झिजतात.

औंधकर
आणि घरी माणूस पाठवून माप घेणारे, मग ट्रे कुरियरने? तेही स्वस्त असतात.

मुठाकाठी
वाढत्या मुलासाठी नकोच. दातांची मुळं, न उगवलेले दात, अक्कलदाढा एक्स-रेशिवाय दिसत नाहीत. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनरची कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि उपचार अर्ध्यात असलेले लोक लटकले. कंपनी कुठलीही असो, दर सहा ते दहा आठवड्यांनी तोंडात डोकावणारा ऑर्थोडॉन्टिस्ट हवा.

आणि संगणकावर दात सुरसुर सरकताना दाखवतात ती योजना असते, निकाल नव्हे. पडद्यावर दात सरकलेले दिसतात, हाड दिसत नाही.

दंतकथा
@पेठकर, मधला रस्ता आहे. अवघड दातांपुरत्या तारा सहा-आठ महिने, वळलेले सुळे आणि खोल बैठक सुधारली की काढून उरलेलं काम अलाइनरवर. परीक्षेच्या वर्षात ब्रॅकेट सुटण्याची कटकट नाही, आणि मूलही तोवर थोडं मोठं झालेलं असतं.

पेठकर
म्हणजे दोन्हींचे पैसे. डॉक्टर खूश.

दंतकथा
ते आधी कागदावर घ्यायचं. किती वेळा पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे त्याच पैशांत मिळतील, हरवलेल्या ट्रेचे किती, अलाइनर जमले नाहीत आणि तारांवर यावं लागलं तर वरचे किती. दातांच्या मध्ये घासून जागा करणार असतील तर कुठल्या दोन दातांत किती ते आकड्यात. एका फटीत साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालतं. शेवटी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरणारं साधन, त्याच पैशांत धरलाय की वेगळा, तेही. तो रात्री घालायचा काढता की खालच्या सहा दातांमागे चिकटवलेली तार, हेही विचारा. रिटेनर दोन्हीकडे लागतोच, आणि तो घातला नाही तर तारांनी सरळ केलेले दातही परत वाकडे होतात.

पेठकर
हे ठीक. पण खालच्या सहा दातांमागे तार चिकटवायचीच असेल, तर शेवटी ताराच आल्या की नाही तोंडात?