३५० रुपयांची झूमवाली टॉर्च वॉचमनकाकांसाठी आणलीय, घरच्या घरी कशी तपासू?

ऐरोली_खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी ऐरोलीत, मागची कंपाउंड वॉल संपली की थेट खारफुटी. पाऊस सुरू झाला की मागच्या बोळात आणि पंपरूमजवळ साप निघतात. गेल्या वर्षी घोणस निघाली ती वॉचमनकाकांच्या पायापासून हातभर अंतरावर, आणि हातातली बॅटरी इतकी मिणमिणती की त्यांना ती दिसलीच नाही, फुत्कार ऐकून मागे सरले म्हणून वाचले. यंदा मी कमिटीत आहे त्यामुळे हे काम सगळ्यात आधी हातात घेतलं.

ठाणे स्टेशनबाहेरून ३५० रुपयांना अ‍ॅल्युमिनियम बॉडीची झूमवाली टॉर्च आणली. खोक्यावर १,००,००० लुमेन, रेंज १ किलोमीटर, आतल्या सेलवर ९९०० एमएएच, म्हणजे सेलची साठवण. हे आकडे फुगवलेले आहेत एवढं मलाही कळतं, पण मग खरे किती? आणि टॉर्च कामाची आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?

आत्तापर्यंत दिसलं ते सांगते. झूम पूर्ण ओढला की समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर उजेडाचा चौकोन पडतो, मुलं एकदम खूश. झूम आत ढकलला की मोठं गोल पडतं पण उजेड निळसर पांढरा. पाऊण तासात निम्म्यावर आल्यासारखी वाटली. तळहातावर आपटली की लुकलुकते. माझ्या फोनच्या टाइप-सी टू टाइप-सी केबलने चार्जच होत नाही. आणि बटण अर्धं दाबत गेलं की फुल, मंद, मग डिस्को लाइट चालू. कमिटीत अशाच अजून ४ घ्यायचं चाललंय, म्हणून जरा घाई आहे.

सर्किट_वागळे:
ताई, ४ घेऊ नका, आधी ही नीट तपासा.

लुमेन म्हणजे एकूण उजेड. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे १ लाख लुमेनला असे ११० बल्ब त्या एका नळीत बसवायला हवेत, हजारभर वॅट लागतील, हातात धरता येणार नाही. खरा आकडा काढायचा तर कुणाकडून तरी मल्टिमीटर आणा, तो १० अँपिअरच्या सॉकेटला लावा, टॉर्चचं मागचं झाकण काढून एक काडी सेलच्या मागच्या टोकाला आणि दुसरी बॉडीच्या उघड्या धातूच्या कडेला टेकवा, टॉर्च पेटेल आणि करंट दिसेल. समजा १ अँपिअर आला. गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे पावणेचार वॅट. वॅटला १०० लुमेन धरले तरी पावणेचारशेच्या आत, आणि झूम ओढल्यावर त्यातलाही बराच उजेड भिंगापर्यंत न पोचता आतल्या काळ्या भिंतीत मरतो. तुम्हाला टाकीवर जो चौकोन दिसतो ना तो एलईडीच्या चिपचाच मोठा झालेला फोटो आहे, नीट बघितलं तर चिपवरच्या रेघासुद्धा दिसतील.

रेंजचं गणित वेगळं. टॉर्चवाल्यांचं जे एएनएसआय एफएल१ स्टँडर्ड आहे त्यात रेंज म्हणजे जिथे पाव लक्स उजेड उरतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) ते अंतर, साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. रात्री पॅसेजचे दिवे बंद करून फोन भिंतीला उभा टेकवा, लक्स मोजायचं अ‍ॅप चालू करा, ५ मीटरवरून टॉर्चचा मध्य फोनच्या वरच्या कडेला जिथे लाइट सेन्सर असतो तिथे मारा. जो आकडा येईल त्याला २५ ने गुणा, ती झाली कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, ती मीटरमधली रेंज. फोनचा सेन्सर काही लॅबचा नाही, पण थाप पकडायला पुरतो. १ किलोमीटर रेंजला अडीच लाख कँडेला लागते, म्हणजे ५ मीटरवर तुमच्या फोनने १०,००० लक्स दाखवायला हवेत.

सेल काढून किचनच्या काट्यावर ठेवा. खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, त्या मापात आजचे चांगल्यात चांगले सेलसुद्धा साडेतीन-चार हजार एमएएचपर्यंतच जातात. ९९०० छापलंय तिथेच विषय संपतो. पुष्कळदा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले थकलेले सेल नवीन प्लास्टिक गुंडाळून विकतात.

टाइप-सीचं कारण सोपं आहे. चार्जिंगच्या सर्किटवर ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात, ते बघून समोरचा चार्जर करंट सोडतो. तुमच्यात ते बसवलेलेच नसणार. जुन्या चौकोनी यूएसबी अ‍ॅडॉप्टरला लावा, चार्ज होईल. पण रात्रभर लावून झोपायचं नाही, आणि सेल हलका भरला तर तो अजिबात चार्ज करू नका.

कोपरीचे_काका:
एवढी भानगड कशाला म्हणतो मी. किराणा दुकानात प्लास्टिकची चार्जेबल बॅटरी मिळते, मागून दोन पिना बाहेर येतात, सरळ भिंतीला लावायची. आमच्या चाळीत १५ वर्षं तीच वापरतोय, पडली तरी काही होत नाही आणि कुठल्या केबलची कटकट नाही. वॉचमनला असलंच सुटसुटीत लागतं.

सर्किट_वागळे:
काका, सुटसुटीत आहे हे मान्य, पण मी असल्या ढिगानं उघडल्यात म्हणून सांगतो. स्वस्तातल्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कॅपॅसिटर लावून २३० व्होल्ट खाली आणलेले असतात, म्हणजे भिंतीला लावलेली असताना आतली प्रत्येक तार मेनलाच जोडलेली. कव्हरला चीर गेली, त्यात पावसाचं पाणी, आणि ओल्या हाताने कुणी उचलली तर शॉक बसतो. आत ४ व्होल्टचा लेड-अ‍ॅसिड सेल असतो तो रिकामा ठेवून दिला की महिन्या-दोन महिन्यांत कायमचा बसतो. तुम्ही रोज चार्ज करत असणार म्हणून तुमची टिकली. ऐरोलीच्या त्या ओल्या केबिनमध्ये मी तरी ती देणार नाही.

कोपरीचे_काका:
शॉकचं खरं आहे, आमच्याकडे एकदा सूनबाईंना झिणझिणी आली होती, तेव्हा घरातलं वायरिंग बघितलं पण बॅटरीचा संशय आला नाही. ताई, तुम्ही यांचंच ऐका.

रातवा:
मी साप पकडून सोडणाऱ्यांसोबत बरीच वर्षं फिरतोय, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. वॉचमनकाकांना टाकीवर चौकोन पाडायचा नाहीये. त्यांना ८-१० फुटांवर, पायापुढचा पालापाचोळा बघायचाय. तिथे लांब फेकणारी टॉर्च उलट त्रासाची, कारण मधला भाग डोळे दिपतील इतका पांढरा आणि कडेला ठार काळोख, आणि साप तर बहुतेक कडेलाच असतो, भिंतीच्या पायथ्याला. तेव्हा झूम कायम आतच ठेवायला सांगा.

दुसरं म्हणजे रंग. हे कुणी बघतच नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. स्वस्त टॉर्चचा उजेड ६५०० केल्विन किंवा त्याच्याही वर, निळसर, त्यात लाल-तपकिरी छटा मरतात. घोणस तपकिरी, अंगावर गडद ठिपक्यांच्या ओळी, आणि वाळलेली बदामाची पानंही तपकिरी. निळ्या उजेडात दोन्ही राखाडी दिसतात. ४०००-५००० केल्विनची टॉर्च घ्या, लुमेन निम्मे असले तरी जास्त दिसतं. मी नवी टॉर्च आणली की एकच गोष्ट करतो. घरातल्या एका माणसाला काथ्याची हातभर दोरी वाळलेल्या पानांत टाकायला सांगतो आणि १० फुटांवरून शोधतो. जिच्यात दोरी पटकन दिसते ती टॉर्च माझी.

आणि टॉर्च कितीही भारी असली तरी काकांना गुडघ्यापर्यंतचे गमबूट द्या, हातात काठी, चालताना पाय आपटत. साप दिसला तर लांबून उजेड धरून उभं राहायचं, मारायला जायचं नाही, वन खात्याच्या हॅलो फॉरेस्टला १९२६ वर फोन करायचा. चावलाच तर बांधाबांध, चिरणं, चोखणं काही नाही, १०८ लावायचा आणि प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठायचं.

ऐरोली_खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं केलं.

करंट ०.८६ अँपिअर. म्हणजे सव्वातीन वॅटच्या आत, तीनशेच्या आसपास लुमेन. ५ मीटरवर झूम ओढून १९० लक्स आले, गुणिले २५ म्हणजे ४७५०, रेंज १३८ मीटर. सेल काट्यावर ठेवला तर २७ ग्रॅम, मी दोनदा ठेवून बघितला. तो आता बाजूला काढलाय, ई-कचऱ्यात देणार.

मग दोरी. मुलाने पार्किंगच्या कोपऱ्यात पानांत टाकली, मी, वॉचमनकाका आणि आमचे सेक्रेटरी तिघांनी शोधली. या टॉर्चने मला तर सापडलीच नाही, काकांना पायापासून ३ फुटांवर आल्यावर दिसली. मग शेजारच्या ट्रेकवाल्या मुलाची पिवळसर उजेडाची हेडटॉर्च डोक्याला लावली, ती फक्त २०० लुमेनची आहे म्हणे, आणि काकांनी बोळाच्या तोंडातूनच बोट दाखवलं, "ती बघा, ती." सेक्रेटरींनी तिथेच ४ टॉर्चची ऑर्डर थांबवली.

आता दोन प्रश्न. लुकलुकणं घरी दुरुस्त होईल का? आणि काचेच्या बाजूची रबरी रिंग यात दिसत नाहीये, पावसात काय होईल?

सर्किट_वागळे:
छान केलंत. लुकलुकण्याचं बहुतेक वेळा एकच कारण, मागच्या झाकणात आत एक आटे असलेली चकती असते जी स्विचला दाबून धरते, ती सैल होते. तिला दोन बारीक भोकं असतात, टोकदार कात्रीची दोन टोकं त्यात घालून घट्ट पिळा. स्प्रिंगचं टोक आणि बॉडीची कडा कोरड्या कापडाने पुसा.

रिंग नाही म्हणजे पुढून पाणी आत जाणारच. झूमवाल्यांत तसंही डोकं पुढेमागे सरकतं, हवा आत-बाहेर होते, पाऊस त्याच वाटेने शिरतो. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय पण आयपीएक्सचा, म्हणजे पाणी किती रोखतं त्याचा, आकडा नसेल तर त्याला काही अर्थ नाही. नवी घेताना निदान आयपीएक्स४ बघा, ते शिंतोड्यांना पुरतं, आयपीएक्स७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास. कुणी प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळायला सांगेल, मागच्या आट्यांवर ती गुंडाळू नका, पुष्कळ टॉर्चमध्ये करंट तिथूनच जातो. मागच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा.

अजून एक. नवी टॉर्च आली की फुलवर १० मिनिटं हातात धरा. बॉडी कोमट झाली तर चांगलं, उष्णता बाहेर येतेय. बॉडी गार आणि उजेड उतरत चाललाय, तर एलईडी आतल्या आत शिजतोय, ती परत करा.

रातवा:
आणि बटणाचं विसरू नका. डिस्कोवाली नकोच. साप समोर असताना काकांनी घाबरून बटण दाबलं आणि लुकलुक सुरू झाली तर साप नेमका कुठे सरकला ते कळत नाही.

ऐरोली_खाडीकाठ:
चकती घट्ट केली, लुकलुकणं बंद. खरा सेल आणून ही टॉर्च लिफ्टच्या मशीनरूममध्ये ठेवतोय, तिथे पाऊस नाही आणि दोरीही शोधायची नाही. काकांसाठी ४५०० केल्विनची एक हेडटॉर्च आणि एक झूम नसलेली हातातली टॉर्च सांगितलीय, दोन्ही आयपीएक्स४, दोन्ही मिळून बावीसशे. गमबूट काल आणले, ९ नंबरचे. काकांनी लगेच घालून मागच्या बोळात एक फेरी मारली.