त्रिनिदाद: उत्तर किनाऱ्याचा रस्ता

एकांनी विचारलंय की त्रिनिदादमध्ये गाडी घेऊन फिरण्यासारखा रस्ता आहे का, की तिथे कार्निव्हलच बघायचा. आहे, आणि फार सुंदर आहे!

पोर्ट ऑफ स्पेनहून मरावलमार्गे निघा. दोन उंच खांब दिसले की नॉर्थ कोस्ट रोड सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात पोर्ट ऑफ स्पेनजवळचं शागुआरामास अमेरिकी नौदलाकडे गेलं आणि लोकांचे जवळचे किनारे बंद झाले. त्याची भरपाई म्हणून अमेरिकनांनी डोंगर फोडून हा रस्ता बांधला. एका बाजूला दाट जंगल, दुसरीकडे खोल खाली कॅरिबियन समुद्र. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, पण वळणं अरुंद आहेत, हॉर्न देत जा.

माराकासच्या किनाऱ्याआधी लुकआउटवर थांबाच. तिथे 'चाव' मिळतो: कैरी किंवा अननसाच्या फोडी, मीठ, मिरची, लसूण आणि 'शाडो बेनी' हा कोथिंबिरीसारख्या वासाचा पाला. या पाल्याला तिथले भारतीय वंशाचे लोक 'बंधनिया' म्हणतात, म्हणजे 'बन धनिया', रानकोथिंबीर. १८४५ पासून मजूर म्हणून नेलेल्या माणसांनी जपलेला हा शब्द ऐकला की गलबलून येतं.

माराकासला 'बेक अँड शार्क' (तळलेल्या पावात शार्क मासा) प्रसिद्ध, पण शार्कऐवजी दुसरा मासा मागा, कृपया. शार्कची संख्या जगभर घटते आहे.

पोहायला लास क्युवास जास्त शांत. पुढे ब्लांशिसेजपर्यंत जा, तिथे गाडीरस्ता संपतो आणि पारियाची जंगलातली पायवाट सुरू होते. अंधार पडायच्या आत परत फिरा.