बारावीच्या मुलांना प्रवेशप्रक्रियेत मदत करायची आहे, सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: वाचनालयाचा कार्यकर्ता, ऐरोली

नमस्कार. ऐरोलीतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेचे काम आम्ही काही जण पाहतो. यंदा तेथे बारावीची पंचवीसएक मुले-मुली नियमित येतात. बहुतेकांचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहेत, काहींचे रिक्षा चालवतात, काहींच्या आया रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांत पॅकिंगच्या कामाला जातात. निम्म्याहून थोडी अधिक मुले विज्ञान शाखेची, उरलेली वाणिज्याची आणि चार-पाच कला शाखेची आहेत. बारावीनंतर काय करायचे असते, हे घरात कोणाला विचारता येईल अशी मुले फार थोडी.

आजवर आम्ही दर वर्षी निकालानंतर एक मार्गदर्शन मेळावा घेत आलो. वक्ते चांगले असतात, मुले टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. परंतु प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवसांत तीच मुले सायबर कॅफेच्या दारात गोंधळून उभी दिसतात. म्हणून यंदा मेळावा न घेता दिवाळीच्या सुट्टीनंतर दर रविवारी सकाळी मदत केंद्र चालवावे असे ठरत आहे. परीक्षा फेब्रुवारीत सुरू होणार हे धरून चालले तर त्याआधी आम्ही नेमके काय हाती घ्यावे, निकालानंतरसाठी काय ठेवावे, आणि मुलांचे अर्ज आम्हीच भरून द्यावेत की नाही, हे जाणकारांनी सांगावे. आमच्यापैकी कोणीही शिक्षक नाही.

उत्तर: कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

परीक्षेपूर्वीचा सगळा वेळ कागदपत्रांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणती शाखा घ्यावी, कशात वाव आहे, यावर बोलायला मुलांना मित्र असतात, क्लासचे सर असतात, मोबाइल असतो. आजोबांचा शाळेचा दाखला कोणत्या गावच्या शाळेत सापडेल, हे शोधून देणारे मात्र कोणी नसते.

तुमच्याकडील बरीच कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातून आलेली असणार, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते. आपण आज जेथे राहतो तेथील तहसील कार्यालयातून जातीचा दाखला मिळेल, अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात, कायद्याने ठरवून दिलेल्या दिनांकाला कुटुंब जेथे राहत होते तेथील प्राधिकाऱ्याकडूनच तो घ्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 असा आहे. म्हणजे मूल ऐरोलीत जन्मले आणि वाढले असले, तरी इतर मागासवर्गातील त्याचे आजोबा 1967 साली पाटण तालुक्यात शेती करत असतील, तर दाखला तिकडच्या प्रांत कार्यालयातून काढावा लागतो आणि पुढची जात पडताळणीही सातारा जिल्ह्याच्या समितीकडे जाते. त्यासाठी वडिलांचे व आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचे उतारे, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागते. घराण्यात वडिलांकडील कोणाची पडताळणी आधी झाली असेल तर त्या प्रमाणपत्राची प्रत सर्वांत उपयोगी पडते. सुट्टीला किंवा यात्रेला गावी जाणारे कुटुंब हे काम तेव्हाच मार्गी लावू शकते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे पडताळणीचे प्रस्ताव कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या कार्यालयात जाऊन प्रस्ताव कधी स्वीकारणार हे आताच विचारावे. अलीकडे काही वर्षे शासनाने पडताळणीच्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत दिली. तथापि ती मुदत पुढेही मिळेल असे गृहीत धरू नये, कारण प्रमाणपत्र वेळेत आले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो.

नॉन क्रीमी लेयरचे, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या प्रमाणपत्राचे, तसे नाही. ते अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. ज्यांना लागते त्यांच्याकडे बहुधा जुने असते आणि त्याची मुदत संपलेली असते. प्रमाणपत्रावर '31 मार्च'च्या पुढे कोणते वर्ष आहे, एवढेच पाहावे. प्रवेशाच्या वर्षातील मार्चअखेर ते संपत असेल तर एप्रिल उजाडताच नव्यासाठी अर्ज करावा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही दर वर्षी नवे लागते.

मुलांचे अर्ज तुम्ही भरून देऊ नयेत. शेजारी बसावे.

उत्तर: पालक, खारघर

बाईंच्या म्हणण्यात स्थानिक तपशिलाची भर घालतो. नवी मुंबई हे एकच शहर दिसत असले तरी महसुली कामकाजात ते दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतो. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला त्या त्या तहसीलमधूनच निघतो. तुमच्याकडील एखादे कुटुंब नुकतेच घणसोलीहून कामोठ्याला राहायला गेले असेल आणि शिधापत्रिकेवर अजून जुनाच पत्ता असेल, तर अर्ज एका ठिकाणी आणि पुरावा दुसऱ्या ठिकाणचा, अशी अडचण होते.

अर्ज भरून देण्याबाबत मी याहूनही कडक आहे. आमच्या शेजारच्या मुलाचा सीईटीचा (सामाईक प्रवेश परीक्षेचा) अर्ज एका कॅफेवाल्याने भरला आणि त्यात मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचा टाकला. परीक्षेचे प्रवेशपत्र कसेबसे मिळाले. परंतु पुढे प्रवेश फेऱ्यांच्या वेळी पासवर्ड बदलायचा तर ओटीपी कॅफेवाल्याच्या मोबाइलवर जाई, आणि तो लग्नासाठी गावी गेलेला. तेव्हा तुमच्या पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाचा स्वतःचा ई-मेल उघडून घ्यावा, वर्षभर बंद पडणार नाही असा घरातील एक मोबाइल क्रमांक ठरवावा, आधारला तोच जोडलेला आहे ना हे पाहावे आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही घरीच ठेवायला सांगावी. केंद्राच्या संगणकावर कोणाचाही पासवर्ड जतन होऊ देऊ नये.

शुल्काबद्दल एक गोष्ट मुलींच्या पालकांना मुद्दाम सांगावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून ('कॅप'मधून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. आपल्या परिसरात अशी मोठी नावे असलेल्या संस्था आहेत आणि त्यांचे प्रतिनिधी निकालाआधीच फोन करू लागतात. जागा अडवण्यासाठी पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा: हा प्रवेश 'कॅप'मधून आहे काय?

उत्तर: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कळवा

कागदपत्रांचे महत्त्व मान्य आहे, तरीही माझा अनुभव थोडा निराळा सांगते. माझी सर्व कागदपत्रे वेळेवर तयार होती. खरी कसोटी लागली ती महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना, आणि नेमक्या त्याच वेळी मार्गदर्शन करणारे सगळे अदृश्य झाले होते. म्हणून तुमचे केंद्र परीक्षेच्या काळात बंद राहिले तरी चालेल, पण फेऱ्या सुरू झाल्यावर ते रोज संध्याकाळी उघडे असावे.

आदल्या वर्षाच्या कटऑफ याद्या वाचायला तुम्ही स्वतः आताच शिकून घ्या. महाविद्यालयाच्या नावाखाली शाखा असते आणि तिच्याखाली आखूड सांकेतिक शब्दांचे रकाने असतात. 'जी-ओपन-एच' यात 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा (मुलींच्या राखीव जागांसाठी तेथे 'एल' असते), मधले प्रवर्गाचे नाव, आणि शेवटचे अक्षर 'एच' असेल तर गृह विद्यापीठाच्या जागा, 'ओ' असेल तर इतर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या, 'एस' असेल तर राज्यस्तरीय. ठाणे, रायगड हे दोन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे येथूनच बारावी होणाऱ्या आपल्या मुलांनी नेरूळच्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या महाविद्यालयासाठी 'एच' पाहायचे आणि पुण्याच्या महाविद्यालयासाठी 'ओ'. प्रत्येक चौकटीत एक गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल असते. तुलना पर्सेंटाइलशी करावी. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, तर शंभरातील किती परीक्षार्थी आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत तो आकडा, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. 85 पर्सेंटाइल मिळालेल्या मुलाला सीईटीत 200 पैकी 170 गुण पडले आहेत असा समज घेऊन बसलेले वडील मी पाहिले आहेत.

पसंतीक्रमाचा नियम 2025 च्या प्रक्रियेत असा होता की, पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती स्वीकारावीच लागे. न स्वीकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होते. नव्या वर्षाची माहितीपुस्तिका आली की हा भाग पहिल्यांदा वाचावा. यातून निघणारी गोष्ट साधी आहे: ज्या महाविद्यालयात जाण्याची मनापासून तयारी नाही ते यादीत वर घालू नये, आणि जे हवे आहे ते 'मिळणार नाही' म्हणून खाली ढकलू नये. वरची पसंती न मिळाल्याने खालची हुकत नाही. हे पटवायला मात्र वेळ लागतो, कारण प्रत्येक घरात कोणीतरी मामा उलटे सांगत असतो.

शिवाय यादी करताना लोकलचा नकाशा शेजारी ठेवावा. जिल्ह्याच्या नावावरून कर्जत-नेरळकडची महाविद्यालये जवळची वाटतात, पण ऐरोलीहून आधी ठाणे गाठायचे आणि तेथून कर्जत गाडी पकडायची, हे चार वर्षे रोज करणे सोपे नाही. त्यापेक्षा ट्रान्स-हार्बरवरची, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकल मार्गावरची महाविद्यालये, भले शाखा दुसऱ्या पसंतीची मिळो, मला अधिक शहाणपणाची वाटतात. या मताशी माझे मित्र सहमत नाहीत.

उत्तर: वाणिज्य शाखेचा माजी विद्यार्थी, वर्तकनगर, ठाणे

वाणिज्याच्या मुलांबद्दल कोणीच लिहिले नाही. बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापन व संगणक विषयांच्या पदव्यांसाठी 2024 पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे आणि तिची नोंदणी बारावीच्या निकालाच्या बरीच आधी, अभ्यासाच्या ऐन धामधुमीत होते. 'आपल्याला कसली सीईटी' म्हणून कित्येक मुले अर्जच करत नाहीत. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) असे केले आहे, तेथे सीईटी लागत नाही. तेव्हा नावे नीट वाचावीत. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाचीही सीईटी आहे, ती कला शाखेच्या मुलांना कळवावी.

साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी निकालानंतर मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते, आणि त्याशिवाय हव्या त्या प्रत्येक महाविद्यालयाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. केवळ विद्यापीठाची नोंदणी करून गुणवत्ता यादीची वाट पाहत बसलेली मुले दर वर्षी असतात. ज्यांचे कनिष्ठ महाविद्यालय पदवी महाविद्यालयाला जोडलेले आहे त्यांना तेथे प्राधान्य मिळते, परंतु त्यांनाही अर्ज करावाच लागतो.

प्रश्नकर्ता, ऐरोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कामाची दिशा ठरली. एक अडचण आताच समोर आली आहे, म्हणून बाईंना विचारतो. आमच्याकडील एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एका प्रकारे आहे आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे. आडनावाचे स्पेलिंगही जुळत नाही. जातीच्या दाखल्यावर तिसरेच रूप आहे. यातील कोणते बदलून घ्यावे?

उत्तर: कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानावे आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यावे. सीईटीपासून पदवीपर्यंत सगळीकडे तेच नाव पुढे चालते, आणि मंडळाकडून त्यात दुरुस्ती करून घ्यायची तर शाळेमार्फत प्रस्ताव जातो, ज्याला पुष्कळ वेळ लागतो. आधारमधील दुरुस्ती त्या मानाने लवकर होते, म्हणून तिला या आठवड्यातच आधार केंद्रावर पाठवावे. सोबत दहावीची मूळ गुणपत्रिका द्यावी. जातीच्या दाखल्यावरील फरक किरकोळ असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वडिलांचे प्रतिज्ञापत्र पडताळणीच्या प्रस्तावाला जोडतात. आडनावच वेगळे असेल तर दाखला दुरुस्त करून घ्यावा आणि मगच प्रस्ताव द्यावा. दहावीच्या प्रमाणपत्रावरच चूक असल्याचे निघाले, तर मला पुन्हा लिहावे, कारण मग क्रम उलटा लावावा लागेल.