वर्षभर जर्मनीत शिकून परतताना: काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने आवरावे?

प्रश्न: मिरजेची मुलगी

नमस्कार. मी मूळची मिरजेची. पुण्यात एम.ए. करत असताना एका वर्षाच्या विद्यार्थी-विनिमयासाठी गेल्या ऑक्टोबरमध्ये ग्योटिंगेनला आले. आता मे महिना अर्धा सरला आहे. उन्हाळी सत्राची व्याख्याने जुलैत संपतील, पण कागदोपत्री सत्र ३० सप्टेंबरपर्यंत चालते आणि माझे दोन हाउसआर्बाइट, म्हणजे सत्राअखेर द्यायचे दीर्घ निबंध, तोपर्यंत पूर्ण करायचे आहेत. गणपती सप्टेंबरच्या मध्यात येतात आणि आजी दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते, "तिकीट काढलंस का गं?"

येथे येण्यापूर्वी व्हिसा, विमा, खाते अशा प्रत्येक गोष्टीची यादी हातात होती. परत जाण्याची यादी मात्र कोणी देत नाही. एका खोलीचे छोटे घर मी खाजगी मालकाकडून भाड्याने घेतले आहे आणि दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत त्यांच्याकडे आहे. ती सुखरूप परत मिळावी, निबंध अर्धवट राहू नयेत आणि गणपतीला घरी पोहोचावे, या तिन्ही गोष्टी एकत्र कशा जमवाव्यात? मनापासून सांगायचे तर घरची ओढ जितकी आहे तितकीच थोडी धास्तीही वाटते. या वर्षभरात मी बदलले आहे आणि घरीही बरेच काही बदलले असणार.

उत्तर: ब्रेमेनकर

सर्वप्रथम भाडेकरार काढून वाचा. तो ठरावीक मुदतीचा असेल तर मुदत संपताच आपोआप संपतो, पण मुदत लिहिलेली नसेल तर तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडावी लागते. ऑगस्टअखेर घर सोडायचे असेल तर तुमचे पत्र जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच पोहोचले पाहिजे. ई-मेल चालत नाही. कागदावर, स्वतःच्या सहीने लिहिलेले पत्रच कायद्याने ग्राह्य धरले जाते, आणि ते मिळाल्याची पोचही घ्यावी.

घर सोडण्याच्या दिवशी मालकासमोर प्रत्येक खोलीची स्थिती, मीटरचे आकडे आणि परत केलेल्या किल्ल्यांची संख्या लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याला येथे युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. मी तो केला नव्हता. भिंतीवर मी राहायला येण्याआधीपासूनच असलेला ओलाव्याचा डाग माझ्यामुळे पडला असे ठरवले गेले आणि अनामतीतून रक्कम कापली गेली. माझ्याकडे ना आधीचे छायाचित्र होते ना नंतरचे. अनामत लगेच मिळत नाही, कित्येकदा काही महिने लागतात आणि पाणी-हीटिंगचा वार्षिक हिशेब बाकी असेल तर तिचा काही भाग आणखी काळ रोखून ठेवला जातो. त्यामुळे येथील बँक खाते ती रक्कम येईपर्यंत बंद करू नका. दुसरे, खात्याचे ॲप ज्या फोनवर आहे तो फोन त्या काळात बदलू नका. नव्या फोनवर ॲप सुरू करण्याचे पत्र बहुतेक बँका टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवतात आणि तोवर तुमचा पत्ता जर्मनीत राहिलेला नसतो.

यानंतर आब्मेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेतील निवासनोंद रद्द करणे. ही नोंद घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी रद्द करता येते आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत रद्द करावी लागते. तिचे प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अडते. रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे आणि निवासनोंद रद्द झाली म्हणून ते आपोआप थांबत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून हेच प्रमाणपत्र जोडावे लागते. आरोग्यविम्याचे संरक्षण नेमके कोणत्या तारखेला संपते, हेही विमाकंपनीकडून लेखी घ्या.

उत्तर: दख्खनची वाचक

ब्रेमेनकरांचे सारे पटते. मी फक्त निबंधांविषयी लिहिते, कारण माझ्या मते तुमचा खरा पेच तिथेच आहे. विद्यापीठातून नाव काढून घेण्याची घाई करू नका. ३० सप्टेंबरपर्यंत तुमची नोंदणी राहिली तर विद्यापीठाच्या नेटवर्कवरचे लेख तुम्हाला मिरजेतूनही वाचता येतील. मात्र छापील पुस्तकांसाठी जुलै-ऑगस्ट ग्रंथालयातच घालवा आणि लागणारी पाने स्कॅन करून, प्रत्येक फाइलला पुस्तकाचे नाव व पृष्ठांक देऊन ठेवा. पृष्ठांकाविना स्कॅन केलेले एक पान मला घरी बसून पुन्हा शोधावे लागले होते, आणि ते मिळालेच नाही. निबंधांचे गुण नोंदवायला प्राध्यापकांना अनेक आठवडे लागू शकतात. त्यामुळे गुणपत्रिका तुम्ही निघून गेल्यावर कोणाच्या नावे, कशी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवली जाईल, हे विनिमय कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन ठरवा. पुण्यातील विभागाला श्रेयांक जोडायला तीच लागणार आहे.

जाण्यापूर्वी आणखी एक करावे, असे मला फार वाटते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचे अध्यापन केलेले जर्मन विद्वान फ्रांझ कीलहॉर्न १८८०च्या दशकाच्या आरंभी याच ग्योटिंगेनमध्ये प्राध्यापक झाले. पतंजलीच्या महाभाष्याची, म्हणजे संस्कृत व्याकरणावरील प्राचीन ग्रंथाची, त्यांनी संपादित केलेली आवृत्ती मुंबईत छापली गेली. १८८५ मध्ये याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तुमच्या आधी पुणे आणि ग्योटिंगेन यांच्यामध्ये ये-जा केलेल्या माणसांचे ग्रंथ तिथल्या शेल्फवर आहेत. एक दुपार त्यांच्यासाठी राखून ठेवा.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

माझा मुलगा दीड वर्ष बाहेर राहून परतला तेव्हाचा अनुभव सांगते. तू वयाने लहान आहेस, म्हणून एकेरी लिहिते. पहिले आठ दिवस त्याला कोणी मोकळे सोडले नाही. रोज कोणी ना कोणी जेवायला यायचे, आणि तो तिकडच्या सवयीने ताटात वाढलेले मोजके खाऊन उठला की त्याच्या आजीच्या डोळ्यांत पाणी यायचे. तिला वाटे, नातवाला आता घरचे गोड लागत नाही. तो मात्र एकांताला पारखा झाला होता, आणि कोणाला काय सांगावे ते त्याला कळत नव्हते.

म्हणून पोहोचण्यापूर्वीच आईशी मोकळेपणाने बोल. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे नकोत, निबंधासाठी सकाळचे तीन तास हवेत, हे आधी सांगितले तर कोणाला वावगे वाटत नाही. आल्यावर दार लावून बसलीस तर वाटते. आणि आजीला रविवारच्या फोनवर तिकडच्या खोलीची खिडकी, रस्ता, भाजीचे दुकान आत्ताच दाखवत जा. तू कुठून परत येते आहेस हे तिला माहीत असले पाहिजे.

मिरजेची मुलगी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करार पाहिला, त्यात मुदत लिहिलेली नाही. पूर्वसूचनेचे पत्र आज हाताने लिहिले असून उद्या मालकांना प्रत्यक्ष देऊन पोच घेणार आहे. खोलीची आजच्या तारखेची छायाचित्रेही काढली. घर ३१ ऑगस्टला सोडायचे ठरवले आहे. तिकीट आता त्यानंतरचे बघते आणि या रविवारी आजीला खिडकी दाखवते.