'रीडिंग जर्नल'ला आपला शब्द कोणता?

अमळनेर, मराठीच्या प्राध्यापिका
यंदा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अंतर्गत गुणांसाठी एक वही ठेवायला सांगितली आहे. कथा-कविता वाचताना कुठे अडलं, कोणत्या ओळीपाशी थांबावंसं वाटलं, काय आठवलं, ते त्यात लिहायचं. इंग्रजीची मंडळी याला 'रीडिंग जर्नल' म्हणतात. मी फळ्यावर 'वाचन-दैनंदिनी' लिहिलं. पंधरा दिवसांनी वह्या आल्या, तर निम्म्यांत हेच: 'दि. ४, पाने १२ ते २०, वाचन झाले.' मुलांना बोल लावता येत नाही. दैनंदिनी म्हटलं की तारीख आणि खाली सही, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मग शब्द बदलून 'नोंदवही' केला, तर सगळ्यांनी कथेचे सारांश लिहून आणले. एका शब्दाने वहीचा सगळा नूर पालटतो. योग्य शब्द सुचवा.

धुळे, मोडी वाचणारा
मॅडम, 'रोजनिशी' घ्या म्हणणार होतो. रोज म्हणजे दिवस, आणि निशी हे फारसी 'नविशी'चं रूप, म्हणजे लेखन. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' तोच, मूळ नवीस. पण त्यातही तारीखच पुढे येते, तुमची अडचण सुटत नाही.

जुन्या दप्तरात आणखी दोन शब्द आहेत, ते पाहा. रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार घडेल तसा दिवसाच्या क्रमाने कीर्दीत लिहायचा. मग सवडीने एकेका खात्याखाली उतरवायचा, ती खतावणी. मुलांकडून पहिलं काम होतंय, दुसरं राहतंय. महिनाभराच्या कीर्दीतून 'आई', 'दुष्काळ', 'न कळलेले शब्द' अशी खाती उघडायला सांगा. ज्याच्या वहीत 'दुष्काळ' खात्यावर आठ नोंदी जमल्या, त्याला निबंधाचा विषय शोधत बसावं लागणार नाही.

आणखी एक. कीर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जर्नलची एक रीत अशीच आहे: डाव्या पानावर पुस्तकातलं वाक्य, उजव्या पानावर त्यावर आपलं म्हणणं. बाजारपेठेच्या गावातली पोरं ही मांडणी पाहताक्षणी ओळखतील.

जळगाव, निवृत्त शिक्षक
'टाचण' नको, एवढं आधी सांगतो. आम्ही उभी हयात पाठाचं टाचण काढलं. ते शिकवण्याआधी काढतात, वाचल्यावर नव्हे.

'बाड' मात्र चांगला शब्द आहे. आवडलेली पदं, अभंग, आरत्या एकाच हस्तलिखित वहीत उतरवून ठेवत, ते बाड. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची अशी बाडं जपलेली आहेत. पण त्यात उतरवून घेणाऱ्याचं स्वतःचं मत क्वचितच सापडतं, म्हणून तुमच्या कामाला तो शब्द अपुरा पडेल.

माझं मत 'टिपणवही'ला. चिमणी दाणा टिपते, पदराने डोळे टिपतात, टीपकागद शाई टिपतो. तिन्हीकडे थोडंसंच, पण नेमकं उचललं जातं. सारांश लिहिणारा सगळं पोतं उचलायला जातो. टिपणाऱ्याला एक दाणा पुरतो.

(जाता जाता: आपल्याकडे 'वही' गातातही. वहीगायन ही खान्देशची लोककला. वर्गात 'वही' म्हटल्यावर एखाद्या पोराला आधी डफ आठवला, तर त्याला ते लिहू द्या.)

शहादा, एम.ए.ची विद्यार्थिनी
सर, टिपणवही पटलं. पण डाव्या पानाला वेगळा शब्द हवा, आणि तो मराठीत आहेच: वेचा. जुन्या पाठ्यपुस्तकांत गद्यवेचे असायचे. मी तो शब्द कितीदा वाचला असेल, पण वेचा आणि वेचणी एकच, हे मला गेल्या हंगामात शेतात कळलं. आई कापूस वेचत होती. पूर्ण उमललेलं बोंड तेवढं घ्यायचं, कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाचोळा मागे ठेवायचा. मी पुस्तकातल्या ओळीखाली पेन्सिल ओढते तेव्हा तेच करत असते.

माझी एक शंका आहे. डावं पान प्रमाण मराठीत असतं. उजव्या पानावर मला जे सुचतं ते अहिराणीत सुचतं. एका कथेपुढे मी लिहिलं होतं, 'आठे माले मनी माय याद उनी.' मग ते खोडून 'येथे मला माझ्या आईची आठवण झाली' केलं. वाक्य शुद्ध झालं, पण वाचताना गळ्यात आलेलं त्यात उरलं नाही.

अमळनेर, मराठीच्या प्राध्यापिका
ते खोडलेलं पुन्हा लिही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांच्याच बोलीत त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या छापून आल्या. कुणी त्या 'शुद्ध' करून उतरवल्या असत्या तर आज आपण काय शिकवलं असतं? तुझ्या हाती तर पेन आहे.

उद्या फळ्यावर 'टिपणवही' लिहिते. डावीकडे वेचा, उजवीकडे टिपण, ते ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत. शेवटची दहा पानं खतावणीला कोरी ठेवायची. तारखेची सक्ती काढून टाकते, फक्त एक नियम नवा घालते, तोही शहाद्याच्या शेतातूनच सुचलेला. कापसाची बोंडं सगळी एकदम फुटत नाहीत, म्हणून एका शेतात तीन-चार वेचण्या होतात. तर प्रत्येकाने एक कविता निवडायची आणि सत्रात तिच्या तीन वेचण्या करायच्या: आषाढात, दिवाळीआधी आणि परीक्षेच्या तोंडावर. दर खेपेला नवं पान, मागचं पान न उघडता.