‘घरातला विस्तव बाहेर नेऊ नये’ म्हणजे नेमकं काय?

परवा नात्यातल्या लग्नात (आपलं बौद्ध पद्धतीचं, त्रिशरण-पंचशील झालं, सगळं झालं) एक काका आशीर्वाद द्यायला उठले नि नवरीला म्हणाले, पोरी घरातला विस्तव बाहेर नेऊ नको आणि बाहेरचा घरात आणू नको. टाळ्या पडल्या. ही म्हण आहे का? आणि विस्तव म्हणजे इथे काय धरायचं?

प्रतिसाद १
मराठी म्हण नाही ही, बुद्धाच्या काळातल्या विशाखा या उपासिकेच्या गोष्टीतली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत (त्या बौद्ध ग्रंथावरच्या जुन्या पाली भाष्यात) येते. सासरी श्रावस्तीला निघताना तिच्या वडिलांनी, धनंजय श्रेष्ठीने, तिला 10 गोष्टी सांगितल्या, सगळ्या कोड्यात. त्यातली ही पहिली जोडी. पालीत ‘अग्गि’ आहे, विस्तव हे काकांचं मराठी, आणि मस्त आहे. सासऱ्याने, म्हणजे मिगाराने, ते शब्दशः घेतलं आणि विचारलं की शेजारी आग मागायला आले तर द्यायची नाही का? तेव्हा विशाखेने उलगडून सांगितलं की आग म्हणजे सासू-सासऱ्यांचं, नवऱ्याचं उणंदुणं, ते चारचौघांत काढायचं नाही, आणि लोक त्यांच्याबद्दल जे बोलतात ते घरात येऊन ओतायचं नाही. थोडक्यात कळलावेपणा नको.

प्रतिसाद २
आपल्याकडे ‘त्या दोघींत विस्तव जात नाही’ म्हणतात ना, म्हणजे हाडवैर. काडेपेटी नव्हती तेव्हा शेजारणीकडून गोवरीवर निखारा आणून चूल पेटवायचे, तेवढाही व्यवहार बंद म्हणजे काय ते समजा. त्यामुळे मिगाराचा प्रश्न मला अजिबात बावळट वाटत नाही. म्हणजे एकाच विस्तवाने आपल्याकडे शेजार टिकतो आणि तिथे घर पेटतं 😄

प्रतिसाद ३
अर्थ बरोबर आहे दादा, पण वापराचं काय? आमच्याकडे हे वाक्य फक्त सुनेलाच ऐकवतात, तेही ती माहेरी फोन करायला लागली की. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ त्याच पिशवीतली. आणि सांगणारे पुढची गोष्ट गाळतात. त्याच धनंजयाने मुलीबरोबर 8 कुटुंबिक (जाणते गृहस्थ) पाठवले होते, तिच्यावर काही आळ आला तर चौकशी करायला. तो आलाही. मिगार गोड खीर खात बसलेला, दारात भिक्खू उभे, हा बघून न बघितल्यासारखं करतोय, तर विशाखा म्हणाली, पुढे व्हा भंते, माझे सासरे शिळं खातायत (म्हणजे जुन्या पुण्यावर जगतायत, नवं काही करत नाहीत). सासरा भडकला, म्हणे हिला बाहेर काढा. तिने रडारड केली नाही, मी काय पाणवठ्यावरून उचलून आणलेली दासी नाही, त्या आठांना बोलवा म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिला निर्दोष ठरवलं. त्या 10 कोड्यांचा खुलासाही तिने त्याच बैठकीत केला. म्हणजे चुगली बाहेर न्यायची नाही, पण अन्याय झाला तर न्याय मागायला माणसं आधीच नेमलेली. काकांनी पुढच्या लग्नात हेही सांगावं, आणि नवऱ्या मुलाकडे बघून सांगावं.

प्रतिसाद १
पटलं ताई. पुढे त्याच मिगाराने सुनेला आई मानलं, म्हणून ती मिगारमाता. बाकी त्या 10 मधलं ‘सुखाने बसावं’ कुणाला नीट माहितीय का? मोठे आले की उठावं लागेल अशा जागी बसू नये, असा आहे तो अर्थ, सोफ्यावर आरामात बसा असा नाही.